स्क्रीनवर हिरवी, प्रिंटमध्ये बरोबर: जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा बिघाड कसा शोधायचा

चिपळूणच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप २०१२ सालचा. १५.६ इंची, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, मागाहून एसएसडी टाकलेला. फॉर्म भरायला, फोटो कापायला, पीडीएफ लहान करायला तेवढा पुरतो, म्हणून अजून बदललेला नाही.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे दिवस होते. बाहेर धो धो पाऊस, दुकानात आठ-दहा माणसं. एका मुलीचा फोटो स्कॅन करून उघडला तर पोरगी हिरवीनिळी! तिची आई माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "काकी, ही तर आजारी दिसते हो." मी स्कॅनरला नावं ठेवली, काच पुसली, पुन्हा स्कॅन केला. तोच रंग. शेवटी म्हटलं, प्रिंट तरी काढून बघू. प्रिंट अगदी बरोबर आली. चेहरा, वेणीतली लाल रिबीन, सगळं जसंच्या तसं.

ती प्रिंट हातात होती तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. अकरा दिवस आणि साडेतीन हजार रुपये घालवल्यावर कळलं. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी चित्राचा प्रवास समजून घ्या. चित्र मेमरीत तयार होतं. ग्राफिक्सची चिप ते उचलते. मदरबोर्डवरून एक बारीक केबल बिजागरीतून वर झाकणात जाते, तिच्यातून ते पॅनलला, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेला पोचतं. पॅनलच्या मागे दिवे असतात, ते लागले की आपल्याला दिसतं. बिघाड यातल्या कुठल्या मुक्कामावर आहे ते आधी ठरवायचं, स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर आणि पाकीट सगळ्यात शेवटी. खाली सांगतेय त्या चाचण्यांना एक रुपयाही लागत नाही.

त्याआधी एक काम मात्र आज करा. स्क्रीन जेमतेम दिसत असली तरी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. दिसतच नसेल तर टीव्हीला जोडून काढा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेतले किती कॉम्प्युटर चिखलात गेले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून दुसरी कॉपी असल्याशिवाय मला झोप लागत नाही.

आता आमची ती प्रिंट. ती म्हणजे नकळत झालेली पहिली चाचणी होती. प्रिंटर नसेल तर स्क्रीनशॉट घ्या, मोबाइलवर पाठवा आणि मोबाइलवरच उघडा. त्याच लॅपटॉपवर उघडून बघण्यात अर्थ नाही, तिथे तो बिघडलेलाच दिसणार. मोबाइलवरसुद्धा रेषा, चौकोन, भलते रंग दिसले तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे ड्रायव्हर (ग्राफिक्सची चिप चालवणारं सॉफ्टवेअर), ती चिप किंवा रॅम, म्हणजे मेमरी. मोबाइलवर स्वच्छ दिसलं तर बहुतेक वेळा दोष पुढचा, केबलचा नाहीतर पॅनलचा. "बहुतेक" म्हणते, कारण चिपमधून बाहेर पडता पडता होणारा घोळ स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. तो टीव्हीवर पकडायचा.

आणि हो, मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्क्रीनचा फोटो काढून कुणाला पाठवणार असाल तर जपून. पुष्कळ पॅनलचे दिवे उजेड कमी करायला भराभर चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. मी असाच एक व्हिडिओ पुण्याला भाच्याला पाठवला आणि अर्धा तास आम्ही दोघं नसलेल्या पट्ट्यांवर चर्चा करत बसलो.

दुसरी चाचणी बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगची. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि चालू करताना एफ २ दाबत राहा. काही कंपन्यांचं एफ १०, एस्केप किंवा डिलीट असतं. निळा किंवा करडा, साध्या अक्षरांचा मेनू येतो. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, काहीच नाही. तो मेनू पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा, तोवर चहा घ्या. तिथेही रेषा किंवा लुकलुक दिसली तर विंडोज पुन्हा टाकून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि लॅपटॉप घेऊन घरी या. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डी चं बटण दाबून धरून लॅपटॉप चालू केला की पॅनल स्वतःच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग ओळीने दाखवतो. त्याचाही इथे उपयोग होतो.

बायोसमध्ये फोटो दिसत नाहीत, त्यामुळे रंगांचा बिघाड तिथे पटकन लक्षात येत नाही. माझं तसंच झालं. राखाडी मेनूवर निळसर झाक होती, मला वाटलं असेलच तशी. असा संशय आला तर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. डिस्कवर काही न टाकता तो चालतो. त्यात लाल रंगाचं एखादं चित्र उघडा. दोन अगदी वेगळ्या सिस्टिममध्ये तोच दोष दिसला तर तो सॉफ्टवेअरचा असणं अवघड.

तिसरी, टीव्ही. एचडीएमआयची वायर लावा, विंडोज आणि पी एकत्र दाबा, "डुप्लिकेट" निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर खराब असेल तर मेमरी आणि चिप बहुतेक सुटल्या, खाली राहिलं केबल आणि पॅनल. दोन्हीकडे सारखंच खराब असेल तर केबल-पॅनलला हात लावू नका.

चौथी चाचणी मला सगळ्यात आवडते. झाकण अगदी सावकाश उघडा आणि मिटा. अर्धं, काटकोनात, पार मागे. प्रत्येक ठिकाणी थांबून स्क्रीन बघा. चित्र झाकणाबरोबर बदलत असेल तर बिजागरीतल्या केबलशिवाय दुसरीकडे बघायची गरज फारशी उरत नाही. माझं झाकण मागे ढकललं की ती मुलगी पुन्हा माणसात यायची, पुढे घेतलं की हिरवी. दहा वेळा हे माझ्यासमोर घडलं आणि मी मनाशी म्हटलं, उजेडाचा फरक असेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

स्क्रीन अगदी काळी असेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पॅनलवर मारा. आत अंधुक खिडक्या, आयकॉन दिसले तर चित्र येतंय, दिवा गेलाय. उलट पडदा पांढरा लख्ख आणि चित्र अजिबात नाही, असं असेल तर दिवा ठीक आहे आणि चित्र पोचत नाहीये. तेव्हा केबल किंवा तिचा कनेक्टर आधी बघा. २००८-०९ च्या आधीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एलईडीऐवजी बारीक नळी असायची आणि तिला चालवायला झाकणात एक वेगळी पट्टी, इन्व्हर्टर म्हणतात तिला. त्यात स्क्रीन लालसर होऊन विझायची. आता असे लॅपटॉप कुणाकडे फारसे नाहीत, सोडून देऊ.

बायोस स्वच्छ आणि विंडोजमध्ये गेलं की गडबड, असं ज्यांचं आहे त्यांनी मशीन उघडायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी स्क्रीनबरोबर टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्या. तो स्थिर आणि बाकीचं नाचतंय, तर कुठलं तरी ॲप नडतंय. हा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे आणि खरंच उपयोगी आहे. स्क्रीन मध्येच काळी पडून अडकली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप होतो, स्क्रीन क्षणभर जाते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फाइली जागेवर राहतात. गिऱ्हाईक समोर असताना ही चार बटणं मला दोनदा उपयोगी पडलीत.

ड्रायव्हरचं म्हणाल तर जुन्या मशीनला नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर असं नसतं. विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर जाऊन "रोल बॅक ड्रायव्हर" करा. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हर काढून टाका आणि मशीन पुन्हा चालू करा. विंडोज तात्पुरता स्वतःचा "बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" लावतं. सगळं ओबडधोबड दिसेल, पण गडबड थांबली की गुन्हेगार सापडला. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घ्या. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअर टाकू नका, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रडगाण्यांची सुरुवात तिथून होते.

फक्त ब्राउझरमध्येच काळे चौकोन येत असतील तर क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिम खाली जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा. पांढऱ्या पानावरून गडद पानावर गेलं की उजेड आपोआप कमी-जास्त होत असेल आणि आत इंटेलचं ग्राफिक्स असेल तर तो बिघाड नव्हे, बॅटरी वाचवायची सोय असते. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पॉवरखाली ती बंद करता येते.

चार्जर लावल्यावरच लुकलुक होते आणि काढल्यावर थांबते, असं असेल तर दुसरा चार्जर, दुसरा प्लग, शक्यतो अर्थिंग असलेला, असं करून बघा. आमच्याकडे लाइट गेली की सगळं दुकान इन्व्हर्टरवर चालतं, आणि स्वस्त इन्व्हर्टरवर काही चार्जर कुरकुर करतात.

आता उघडण्याकडे. पण त्याच्याही आधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. टचपॅड वर उचलला गेलाय का? खालचं झाकण फुगलंय का? बॅटरी फुगली असेल तर स्क्रीनचा विषय तिथेच थांबवा. तिला टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका, जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

स्क्रीनशॉटमध्येही रंगीत चौकोन येत असतील तर पहिली रॅम. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चिप मुख्य रॅममधलीच जागा उसनी घेते, म्हणून रॅमचा दोष थेट स्क्रीनवर उमटतो. बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा, चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट जातो. रॅमची पट्टी काढा, सोनेरी दात आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा आणि "टक्" आवाज येईपर्यंत परत बसवा. दुकानवाले खोडरबरने घासतात. चालतं, पण भुगा खाचेत पडू देऊ नका. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने पडून राहिलेल्या मशीनचे निम्मे आजार एवढ्यानेच जातात, असा माझा अनुभव आहे.

वीस मिनिटांनी, पंखा ओरडायला लागल्यावरच चित्र फाटत असेल तर धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप. पंखा साफ करून पेस्ट बदलून घ्या. त्यानेही नाही गेलं आणि आत वेगळी ग्राफिक्स चिप असेल, तर चिपच थकली आहे. गरम हवा मारून "चिप चालू करून देतो" म्हणणारे भेटतील. चालू होतेही, काही आठवडे. २००८ साली एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने लॅपटॉपच्या चिपांमधल्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हापासून हा हवा मारण्याचा धंदा ऐकतेय. मी असल्या मशीनवर पैसे घालत नाही.

राहिली केबल आणि पॅनल. वरून खालपर्यंत एकच बारीक रेषा, कायम त्याच जागी, बायोसमध्येही आणि टीव्हीवर नाही, तर पॅनल. कडेला दाबलं की रेषा येते-जाते, तरी पॅनलच, काचेच्या कडेची जोडणी सुटलेली असते आणि ती घरी जोडता येत नाही. पण रंगच बदलणं, एक रंग गायब होणं, झाकणाबरोबर चित्र हलणं, ही केबलची लक्षणं. १३६६ × ७६८ च्या त्या काळातल्या पॅनलला माहिती तारांच्या तीन जोड्यांतून जाते, चौथी जोडी वेळ सांभाळते. लाल रंग जवळजवळ सगळा पहिल्या जोडीत असतो. तेवढी एक तार तुटली की लाल गेला. उरलं काय? हिरवं आणि निळं. रिबीनवाली मुलगी आठवा.

हे मला भाच्याने नंतर सांगितलं. आधी मी काय केलं? मोबाइलवर "१५.६ इंच, १३६६ × ७६८" एवढं जुळवून पॅनल मागवला. आला तो ३० पिनांचा, माझी केबल ४० पिनांची. कनेक्टरची तोंडंच वेगळी. जुन्या पॅनलच्या पाठीवरचा नंबर मी वाचला होता, पण आकड्यांनंतरच्या एका अक्षराकडे लक्ष दिलं नाही. जुन्यावर एल होतं, नव्यावर ई. त्या मालिकेत एल म्हणजे जुनी एलव्हीडीएस जोडणी, ई म्हणजे नंतरची ईडीपी. म्हणून पॅनल घ्यायचाच झाला तर चौकट उघडून पाठीवरचा पूर्ण नंबर, पिना किती, कनेक्टर कुठल्या कोपऱ्यात आणि स्क्रूचे कान बाजूला आहेत की वर-खाली, हे सगळं फोटोसकट दुकानदाराला पाठवा. माझा फोडलेला खोका कुणी परत घेतला नाही.

आणि जुना पॅनल परत लावताना बॅटरी काढली नाही. केबल जराशी तिरकी गेली, काहीतरी किंचित चमकलं आणि स्क्रीन काळी. टॉर्च मारला तर आत अंधुक चित्र. दिव्यांना जाणारा करंट याच केबलमधून, चित्राच्या तारांना चिकटून जातो. मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीपेक्षा लहान फ्यूज उडाला होता. आमच्या इथल्या रिपेअरवाल्याने भिंगाखाली तीनशे रुपयांत बदलून दिला. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, तू बॅटरी न काढता केबलला हात लावलास? घरातला फ्यूज बदलताना मेन स्विच बंद करतेस ना?"

तर केबल बघायची रीत अशी. चार्जर आणि बॅटरी काढा, बटण तीस सेकंद दाबा. बॅटरी आत बसवलेली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. पुढच्या चौकटीवरच्या रबरी टिकल्या सुईने उचला, खाली स्क्रू असतात. जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवत चौकट सोडवा, कटकट आवाज येतात, घाबरू नका. पॅनलचे स्क्रू काढून तो कीबोर्डवर पसरलेल्या मऊ फडक्यावर पालथा घाला. कनेक्टरवरची पारदर्शक टेप हळू उचला आणि कनेक्टर केबलच्या दिशेने सरळ ओढा. वर उचलू नका. पिनांवर हिरवट थर दिसला तर आयपीए आणि मऊ टूथब्रश. आमच्याकडे दमटपणामुळे तो हमखास असतो. पूर्ण वाळू द्या, परत सरळ बसवा, टेप लावा.

त्यानंतर केबल बिजागरीपर्यंत बोटाने तपासत जा. माझी बिजागरीच्या अलीकडे काळ्या वेष्टनातून बाहेर आली होती. एक तार तुटलेली, दुसरी एका केसावर लोंबकळत. असल्या केबलला डाग देत बसू नका, वळणात पुन्हा तुटते. तिच्यावर छापलेला नंबर घ्या आणि तीच मागवा. भाच्याने मला पुण्यात तपकीर गल्लीतून सहाशे पन्नासला पाठवली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. नवी बसवताना जुनी कुठल्या खाचांतून गेली होती त्याचे आधी फोटो काढा. केबल ताणून बसवायची नाही, बिजागरीपाशी थोडी सैल हवी.

केबल का तुटली तेही नवी लावताना कळलं. दुकानात फॉर्म भरून झाला की मी म्हणते, "नाव बघून घ्या." गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडून वाकतं, झाकणाचा उजवा कोपरा धरतं आणि स्क्रीन आपल्याकडे वळवतं. दिवसाला तीस-चाळीस वेळा, बारा-तेरा वर्षं. उजवी बिजागरी ढिली झाली होती आणि केबल त्याच बाजूने जाते. स्क्रू घट्ट करून घेतले.

आता काउंटरवर गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून एक जुना मॉनिटर ठेवलाय, सेकंडहँड, व्हीजीएवर चालणारा. विंडोज आणि पी, "डुप्लिकेट". मी टाइप करते तेव्हा त्यांना तिकडे सगळं दिसतं, आणि स्पेलिंगच्या चुका ते माझ्याआधी काढतात. ३० पिनांचा तो पॅनल अजून कपाटावर पडून आहे.